निळीची छाटणी

हातात कात्री आली की मास्तरांचे डोळे आपोआप सरळ रेघ शोधायला लागत. चाळीस वर्षं कोट-पाटलोणी बेतलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? शाळेत त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं. पण शिंप्याच्या दुकानात जो कापड बेततो त्याला मास्तर म्हणतात, आणि दुकान बंद झालं तरी ते नाव अंगाला चिकटून राहिलं. आता शिलाईचं मशीन घराच्या वरच्या खोलीत खिडकीपाशी होतं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पँटी आखूड-लांब करून देण्यात त्यांचा दिवस जाई. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलंच तर म्हणत, "माप घ्यायला वेळच मिळाला नाही."

खाली वहिनी राहायच्या. थोरला भाऊ, म्हणजे दादा, जाऊन सात वर्षं झाली होती. घर लहानसं, खाली दोन खोल्या नि स्वयंपाकघर, वर ही एक खोली. पण घराच्या दोन अंगांनी जी चिंचोळी बाग होती तिच्यावर वहिनींचा जीव. पुढच्या बाजूला चार गुलाब आणि एक लाल जास्वंद. कोपरा वळून स्वयंपाकघराच्या भिंतीशी गेलं की तिथं एकटी निळी.

निळी म्हणजे हायड्रेंजिया. हे नाव घरात कुणाच्याच तोंडात बसलं नाही. दादा पोस्टात होते. टपाल वाटता वाटता कुणाच्या तरी आवारात ते झुडूप त्यांनी पाहिलं आणि दोन काड्या मागून घेऊन आले. एक सुकली, एक धरली. पुढं ती अशी माजली की ऐन उन्हाळ्यात पानं कमी आणि फुलांचे गेंद जास्त. एकेक गेंद लहान मुलाच्या डोक्याएवढा, आणि निळा तरी कसा, धुतलेल्या आभाळासारखा. "आमच्या सुनेचं माहेर पोस्टातलं आहे," असं दादा निळीबद्दल सांगत.

वहिनी नेमाच्या. सूर्य उगवायच्या आत उठून देवाचं नाव घ्यायचं, आणि चहाच्या आधी अनवाणी बागेत जाऊन प्रत्येक झाडाशी दोन शब्द बोलायचे. हे दोन नेम सगळ्या गल्लीला ठाऊक होते. तिसरा फक्त घरच्यांना. दिवसातून एक तरी टोचणारा शब्द, अगदी जिभेच्या टोकावर आलेला, गिळायचा. वहिनींची जीभ मुळात धारदार, म्हणून हा नेम. गिळला की त्यांचा हात आपसूक गळ्याशी जाई, नि ओठ मिटत. ते पाहिलं की दादा हळूच मास्तरांना म्हणायचे, "आज तू वाचलास. काय केलंयस, आठवून बघ."

थंडी सरत आली होती तेव्हा वहिनी स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवरून घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं.

मुलगा लगोलग आला. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामात, मोठ्या शहरात, चौथ्या मजल्यावरच्या घरात राहणारा. इस्पितळात आईच्या खाटेशी बसून त्यानं सरळ विषय काढला.

"आई, आता पुरे झालं. तू माझ्याकडे चल."

"चौथ्या मजल्यावर?"

"लिफ्ट आहे की. आणि आमची लिफ्ट कधी बंद पडत नाही, मीच बघतो."

"लिफ्टमधून मला कुठं जायचंय? खाली रस्ता, वर गच्ची."

"मग इथं कोण बघणार? बाग कोण करणार? परत त्या पायरीवर गेलीस म्हणजे?"

मास्तर खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मी करीन ना बाग."

मुलानं काकांकडे पाहिलं. "काका, तुम्ही कधी झाडाला पाणी तरी घातलंय का?"

"घातलंय. एकदा," मास्तर म्हणाले. वहिनींचा हात गळ्याशी गेला.

शेवटी ठरलं ते असं. निळीला फुलं येतात तेव्हा मुलगा येणार. तोवर आई काठी घेऊन चालती झाली आणि बाग तिच्या मनासारखी राहिली, तर ती इथं राहील. नाहीतर घराला कुलूप, आणि किल्ली त्याच्या खिशात. वहिनींनी डोळे मिटून मान हलवली. मास्तर मात्र त्या कुलपाचाच विचार करत राहिले. कुलूप लागलं तर वरच्या खोलीलाही लागणार होतं असं नाही. त्यांना तिथं राहता आलं असतं. पण मशीन चालवताना खालून जो आवाज यायचा, "भाऊजी, चहा निवतोय," तो नसता. नुसत्या मशीनच्या आवाजात माणूस किती दिवस काढील?

वहिनी घरी आल्या आणि त्यांची खाट पुढच्या खोलीत खिडकीशी लावली. खिडकीतून गुलाब दिसत, जास्वंद दिसे. निळी कोपऱ्यापलीकडे, ती दिसत नसे. अंघोळ-जेवणाला एक मदतनीस बाई येई. बागेची जबाबदारी मास्तरांची.

पहिल्याच आठवड्यात वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, गुलाब आणि जास्वंद आता छाटायला हवेत. पालवी फुटायच्या आत. त्यांची फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून आत्ता जून काढलं की नवं जोमानं येतं."

"सांगा. तुमचा मी नवा शिकाऊ उमेदवार."

"आधी वाळलेलं काढा. मग एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या, त्यातली एक काढा. मधोमध वाटीसारखी मोकळी जागा झाली पाहिजे, वारा खेळला पाहिजे. आणि काप कुठं द्यायचा? डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या गाठीच्या वर. डोळा बाहेरच्या बाजूला बघणारा हवा. काप तिरका, पाणी साचू नये असा."

"डोळ्यापासून किती वर?"

"अर्धं बोट."

"अर्धं बोट म्हणजे नक्की किती?"

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. "मास्तर, ते झाड आहे. त्याला कोट घालायचा नाहीये."

तरी मास्तरांनी गळ्यातली टेप काढलीच. दोन दिवस ते गुलाबांशी ओणवे होऊन माप घेत होते, खडूनं फांदीवर खूण करत होते, मग कात्री चालवत होते. वहिनी खिडकीतून पाहत, हसू दाबत. पण काम झालं तेव्हा मान डोलवली. "झकास. मी इतकी निगुतीनं कधी केली नव्हती." जास्वंदही झाली. मास्तरांनी गुलाबाच्या काट्यांनी ओरबाडलेले हात मागं लपवले आणि मान वर करून घरात गेले.

इथं त्यांच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. दुकानात असताना मास्तर गिऱ्हाइकाला न सांगता कोटाच्या आतल्या बाजूला एक जादा बटण शिवून देत. कधी तुटलं तर असावं म्हणून. गिऱ्हाइकाला ते महिन्यांनी सापडे आणि तो मुद्दाम येऊन हसून जाई. सांगितलेल्या कामापेक्षा थोडं जास्त करायचं आणि त्याबद्दल तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, यात त्यांना भारी सुख होतं.

निळीबद्दल वहिनी काहीच बोलल्या नव्हत्या. तिला थंडीत हात लावायचा नसतो, मग सांगायचं काय? तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनी झोपल्याशा दिसल्या, आणि मास्तर कोपरा वळून निळीपाशी गेले. झुडूप अगदी अवतार करून उभं होतं. गेल्या साली फुललेले गेंद वाळून तपकिरी झाले होते आणि तसेच काड्यांच्या टोकांवर लटकत होते. कुठली काडी उंच, कुठली ठेंगणी, खालची शिवण उसवल्यासारखं सगळं. मास्तरांना ते बघवेना. वहिनी चालत्या झाल्या की हिला अशी नीटनेटकी बघतील, त्यांनी मनाशी म्हटलं. हेच ते जादा बटण.

त्यांनी भिंतीवर खडूनं गुडघ्याएवढ्या उंचीवर आडवी रेघ मारली, आणि त्या रेघेच्या वरचं सगळं कापून काढलं. एका मापात. लांबून पाहिलं तर काड्या अशा सारख्या उभ्या, जशी नव्या ब्रशाची टोकं.

कापलेल्या काड्यांचा भारा खांद्यावर घेऊन ते पुढून गेले, कचऱ्याकडे. त्यातल्या नऊ सरळ काड्या मात्र निवडून ठेवल्या. त्या त्यांनी गुलाबांच्या आळ्यात, जास्वंदीशी, निळीशी रोवल्या, आणि प्रत्येक काडीला पुठ्ठ्याची चिठ्ठी टाचली, दुकानात कापडाला टाचत तशी. झाडाचं नाव, कापल्याची तारीख, खाली सही.

दिवस जात राहिले. वहिनी आधी उठून बसू लागल्या, मग खाटेला धरून उभ्या राहू लागल्या. रोज संध्याकाळी मास्तर बागेची हजेरी द्यायचे.

"पिवळा गुलाब?"

"सात कळ्या. एक उद्या उमलेल."

"जास्वंद?"

"फुटव्यांनी भरलीय."

"आणि निळी?"

"पानं आलीत. टवटवीत आहेत."

"बरं," वहिनी म्हणत, आणि गळ्यावरून हात फिरवत. मास्तरांना वाटे, औषधानं घसा कोरडा पडत असेल.

ऊन तापायला लागलं. गुलाब असे फुलले की रस्त्यानं जाणारे थांबून बघत. निळीला पानंच. हिरवीगार, तळहाताएवढी, एकावर एक. पण कळीचं नाव नाही. मास्तर रोज सकाळी चष्मा लावून पान न् पान उलटून बघत. मुलाचा फोन आला, येत्या रविवारी येतोय म्हणाला. तेव्हा मात्र त्यांचा धीर सुटला आणि ते चौकापलीकडच्या रोपवाटिकेत गेले. तिथली बाई कुंड्यांना पाणी घालत होती. कमरेला ओला टॉवेल, बोटं मातीनं काळी.

"बाई, हायड्रेंजियाला खत कुठलं घालू? पानं आहेत, फुलं नाहीत."

"कधी कापली?"

कापली का, असं नव्हे. कधी कापली, असं तिनं विचारलं. मास्तरांना ते खटकलंच.

"थंडी सरताना. गुलाबांबरोबर."

बाईनं नळ बंद केला. "किती ठेवली?"

मास्तरांनी गुडघ्याला हात लावून दाखवला.

"मग खताचं काम नाही हो. यंदाची फुलं तुम्ही कापून टाकलीत."

"तेव्हा फुलं कुठं होती? वाळकी बोंडं होती नुसती."

"त्या बोंडांच्या खाली जाड डोळे होते की नाही, जोडीजोडीनं? टोकाशी?"

"होते."

"त्यात होती फुलं. ही बया फुलं येऊन गेली की पुढच्या सालची तयारी लगेच करून ठेवते, थंडी पडायच्या आत. जुन्या काडीवर. थंडीभर कळ्या मिटून बसते. म्हणून हिला कापायचं तर फुलं संपल्या संपल्या, आणि तेही वाळकं फूल तेवढं, पहिल्या जाड जोडीच्या वरून. फार जून झालेल्या दोन-तीन काड्या बुंध्यातून काढायच्या. बाकी हात लावायचा नाही. जी झुडपं नव्या फुटीवर फुलतात ती थंडी सरताना, जी जुन्यावर फुलतात ती फुलल्यानंतर. एवढं एक ध्यानात ठेवलं की झालं."

"मेली का मग ती?"

"मरते कशाला? पुढच्या वर्षी येतील फुलं. आता परत कापू नका म्हणजे झालं."

पुढच्या वर्षी. मास्तर घरी येईपर्यंत हेच दोन शब्द डोक्यात फिरवत होते. रविवारला चार दिवस होते.

मग त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. शिंपीच तो. वरच्या खोलीत पेटीच्या तळाशी निळ्या अस्तराचे तुकडे होते, चार-पाच छटांचे, कोटांतून उरलेले. दुपारी दार लोटून घेऊन त्यांनी चार पाकळ्यांचं एक फूल कापलं. मग दुसरं. दर फुलाच्या मधोमध एक टाका, पाकळीला हलकी चूण, कडा दोरा निघू नये म्हणून मेणबत्तीवर शेकलेल्या. गडद निळं खाली, फिकट वर. तीन दुपारी त्यांनी चष्मा नाकावर ठेवून काढल्या.

"भाऊजी, मशीन का बंद आहे हो?" खालून आवाज आला.

"हातशिलाई चाललीय."

"कुणाची?"

मास्तरांनी जरा विचार केला. "घरच्याच कामाची."

शनिवारी सकाळी साठ-सत्तर फुलांचा एक गेंद तयार झाला. त्यांनी तो नेऊन निळीच्या मधल्या काडीला हिरव्या दोऱ्यानं बांधला आणि दहा पावलं मागं सरून पाहिलं. देवाशपथ, खरा वाटत होता. असे आणखी दोन झाले असते तर दुरून कुणाला संशय आला नसता. पुतण्याला तर नक्कीच नाही, त्याला लिफ्टखेरीज काय कळतं.

तेवढ्यात एक मधमाशी आली. गुलाबांवरून फिरत फिरत कोपरा वळून ती नेमकी त्या गेंदावर उतरली. एका फुलावरून दुसऱ्यावर गेली, मग तिसऱ्यावर. सगळीकडे शोधलं बिचारीनं. मग क्षणभर तिथंच थांबली आणि उडून गेली.

मास्तर तिच्या मागं कितीतरी वेळ बघत राहिले. एवढंसं पाखरू, सकाळी पोटासाठी घराबाहेर पडलेलं, त्यालाही आपण फसवलं. आणि ज्या बाईनं, आपण बारा वर्षांचे होतो तेव्हापासून, आपल्या ताटात पहिला घास वाढला, तिला उद्या काठी टेकत इथवर आणून हे चिंधीचं फूल दाखवायचं?

त्यांनी दोरा सोडला. गेंद हातात घेऊन सरळ पुढच्या खोलीत आले. वहिनी खुर्चीत बसून पाय हलवण्याचा व्यायाम करत होत्या.

"वहिनी, एक सांगायचंय."

"बसून सांगा."

ते उभेच राहिले. "निळीला यंदा फुलं यायची नाहीत. मी कापली तिला. गुलाबांबरोबर. गुडघ्याएवढी. तुम्ही सांगितलं नव्हतं, मीच आपला शहाणपणा केला. आणि तीन महिने रोज तुम्हाला पानं टवटवीत आहेत म्हणून सांगत राहिलो."

वहिनींचा पाय हलायचा थांबला. "पानं टवटवीत आहेत ते तरी खरं ना?"

"खरं आहे."

"मग खोटं काय बोललात?"

"वहिनी, थट्टा नको. उद्या तो येणार. काय ठरलंय ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"बसा आधी," त्या म्हणाल्या. मास्तर खाटेच्या कडेवर टेकले. "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"त्याच दुपारी. भारा घेऊन तुम्ही या खिडकीसमोरून गेलात. मी जागी होते. काड्यांच्या टोकाला एवढाले डोळे होते, हरभऱ्यासारखे फुगलेले."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"बोलून काय, काड्या परत चिकटणार होत्या? आणि माझा नेम आहे, तुम्हाला ठाऊक आहे."

"तो रोजचा एक शब्द आहे. त्याला तीन महिने झाले."

"तर काय. तीन महिने तोच गिळतेय," वहिनी म्हणाल्या. "रोज सकाळी वर येतो, रोज संध्याकाळी तुम्ही हजेरी द्यायला लागलात की गिळते. दुसरा शब्द शोधावाच लागला नाही."

मास्तरांना एकदम त्या संध्याकाळी आठवल्या, घशावरून फिरणारा तो हात. मान खाली गेली.

"मग आता एकदा बोलून टाका. माझंही ओझं उतरेल."

"आता नाही. तुम्ही सांगायची वाट बघत होते, तुम्ही सांगितलंत. आता बोलले तर तीन महिन्यांचं पुण्य पाण्यात."

"निदान शब्द कुठला ते तरी कळू द्या."

"तो देवाला माहीत आणि मला," वहिनी म्हणाल्या. "हातात काय आहे?"

मास्तरांनी गेंद पुढं केला. वहिनींनी तो घेतला, डोळ्यांशी नेला, उलटा केला, टाके पाहिले. मग एक पाकळी नखानं सरळ करत म्हणाल्या, "खरं सांगू का? मी जायचं ठरवलं होतं. तुमची ती गुलाबांची छाटणी बघितली, आणि वाटलं, मी नसले तरी बाग राहील. माझ्याहून चांगलीच राहील. मग एका म्हातारीसाठी पोरानं तिकडे घोर का लावून घ्यावा? निळीचं कळूनही मनाला समजावलं, की चुकेल एकदा माणूस. तुम्ही सांगितलं असतंत ना पहिल्याच आठवड्यात, तर पोराला बोलावून तेव्हाच निघाले असते. चुकलं की लगेच सांगणाऱ्याच्या हाती बाग सोपवता येते."

"आणि आता?"

"आता निळीकडे घेऊन चला मला. उद्या कशाला, आत्ताच."

काठी एका हातात, मास्तरांचा दंड दुसऱ्या हातात, अशा त्या तीन महिन्यांनी कोपरा वळल्या. चपला दारात काढून. निळीसमोर उभ्या राहून दोन शब्द बोलल्या, ते मास्तरांना ऐकू आले नाहीत. नंतर काठीनं पानं बाजूला सारून बुंधा बघितला, किती नवे कोंब आलेत ते मोजले. आणि मग चिठ्ठी टाचलेल्या काडीशी त्या थबकल्या.

"हे काय आहे?"

"खुणेची काडी. तारीख लिहिलीय."

"तारीख दिसतेय मला. काडी कसली?"

"तिचीच. सरळ होत्या त्या नऊ ठेवल्या मी."

वहिनींनी काठीच्या टोकानं दाखवलं. पुठ्ठ्याच्या चिठ्ठीखाली, मास्तरांच्या सहीला लागून, दोन कोवळी पानं फुटली होती. मास्तरांनी लगबगीनं जाऊन बाकीच्या पाहिल्या. पाच वाळून गेल्या होत्या. जास्वंदीच्या सावलीतली धरली होती आणि पिवळ्या गुलाबाच्या आळ्यातल्या दोन. चार काड्या. माती उकरायची गरज नव्हती. हलवून पाहिल्या तर हलेनात.

"दादांच्या दोनांतली एक जगली होती," वहिनी म्हणाल्या. मास्तरांनी वाकून चिठ्ठी सरळ केली.

रविवारी मुलगा आला. आईला काठीवर चालताना बघून त्याचा चेहरा उजळला. गुलाबांपाशी थांबून म्हणाला, "काका, मानलं तुम्हाला." मग कोपरा वळला.

"निळीला काय झालं?"

"मी चुकीच्या वेळी छाटली," मास्तर म्हणाले. "यंदा फुलं नाहीत. दोष सगळा माझा."

मुलानं एकदा काकांकडे पाहिलं, एकदा आईकडे. आवाज हलका करून म्हणाला, "आई, बघ, राग नको मानू. पण हेच म्हणत होतो मी. नाही होत आता तुमच्यानं. चल माझ्याबरोबर."

"आले असते रे," वहिनी म्हणाल्या. "पण आता नाही जमायचं. यांना गुलाब जमतो, जास्वंद जमते, निळी जमत नाही, ते तू बघतोच आहेस. उन्हाळा सरताना हिचे अशक्त कोंब काढायला हवेत. कुठले, ते बोट ठेवून दाखवावं लागतं. मग थंडीभर यांच्या हातातून कात्री काढून घ्यायला कुणीतरी हवं. पुढच्या साली फुलं आली की ती संपल्या संपल्या छाटणी. ती एकदा यांनी माझ्यासमोर केली की मग मी मोकळी."

"फोनवर सांग ना."

"फोनवर यांना अर्धं बोट म्हणजे किती, तेवढ्यात दिवस जाईल."

मुलाला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात लपवलं.

"आणि या चार बघ. या अजून तान्ह्या आहेत. यांना फुलं यायला दोन वर्षं तरी हवीत. तोवर मला हलता येत नाही."

"आणि ती मागची पायरी?"

मुलगा पायरीकडे वळला. मग त्यानं काकांच्या गळ्यातली टेप ओढून घेतली आणि पायरीशी उकिडवा बसला. उंची घेतली, रुंदी घेतली, दाराच्या चौकटीपासूनचं अंतर घेतलं.

"दोन्ही बाजूंना कठडा बसवतो. लोखंडी. आमच्या लिफ्टमध्ये असतो तसा," तो म्हणाला. "पण आई, अनवाणी फिरणं बंद."

वहिनींचा हात गळ्याशी गेला. ओठ मिटले. मास्तर पुतण्याच्या कानाशी वाकले. "आज तू वाचलास."

कठडा बसला. चार काड्या चार कुंड्यांत गेल्या, चिठ्ठ्यांसकट. कापडाचा गेंद वहिनींनी काचेच्या पेल्यात घालून देवाजवळच्या खिडकीत ठेवला. पाणी मात्र घातलं नाही, अस्तराचा रंग जाईल म्हणून. चपलांचं म्हणाल, तर मुलगा असेपर्यंत त्या पायात होत्या.

आता सकाळी दोघं मिळून बागेतून फिरतात. पुढं काठी, मागं मास्तर, खिशात कात्री. परवा निळीची एक काडी जरा वाकडी, बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच वाढलेली त्यांना दिसली. सगळ्या ओळीत तेवढी एकच. हात खिशाकडे गेला. काप नुसता एवढासा, कुणाला कळलंही नसतं.

त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी निळीशी बोलत होत्या, पाठमोऱ्या. पण त्यांचा डावा हात सावकाश वर उठला आणि गळ्यापाशी जाऊन थांबला.

मास्तरांनी कात्री परत खिशात सारली.

"पानं टवटवीत आहेत," ते म्हणाले.

"आहेत तर," वहिनी म्हणाल्या.